कुत्र्याचं पिल्लू संध्याकाळी फार चावतं, काय करावं?

प्रश्न

आमच्या मोतीला आता १० आठवडे झालेत, घरी येऊन दोन. दिवसभर शहाण्यासारखा असतो आणि संध्याकाळी ७ च्या सुमारास अंगात आल्यासारखं करतो. पायजम्याला लोंबकळतो, मनगट धरतो, सोडवायला गेलं की आणखी घट्ट धरतो. माझी सहा वर्षांची लेक आता सोफ्यावरून पाय खाली ठेवत नाही. काल तिच्या पोटरीवर दोन लाल टोचे उठले. रडत म्हणाली, "मोतीला मी आवडतच नाही." फार वाईट वाटलं.

ओळखीच्यांनी सांगितलं म्हणून एकदा त्याचं तोंड दाबून धरलं. तो चवताळला, आणि तेव्हापासून माझा हात पुढे आला की मान मागे घेतो. पुन्हा तसं करणार नाही. पण हा मुळातच चावरा आहे का?

प्रतिसाद १

मुळीच नाही. या वयात पिल्लू जग तोंडानेच चाचपून बघतं. त्याचे २८ दुधाचे दात सुईसारखे असतात, म्हणून जबड्यात जोर नसला तरी टोचतात. साधारण चौथ्या महिन्यापासून ते पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांत ४२ पक्के दात येतात. दात बदलताना हिरड्या शिवशिवतात. तेव्हा ओला कपडा पिळून, पीळ देऊन फ्रीझरमध्ये ठेवा आणि तुमच्यासमोरच चघळू द्या.

प्रतिसाद २

संध्याकाळी ७ वाचलं आणि आमची कुत्री पिल्लू असतानाची आठवली. मला वाटायचं, हिच्यात मस्ती फार, दमवायला हवं. म्हणून रोज अर्धा तास चेंडू फेकायचे. चावणं वाढतच गेलं. मग चार दिवस कागदावर दोनच गोष्टी लिहिल्या: झोपली कधी आणि चावली कधी. दिवसाकाठी जेमतेम ११ तास झोप भरत होती. एवढ्या लहान पिल्लाला १८ ते २० तास लागतात! घरात सतत ये-जा, दार वाजलं की ही उठायची. झोप अनावर झालेलं तान्हं मूल किरकिरतं, पिल्लू चावतं.

मग ठरवूनच टाकलं. तासभर जागी राहिली की शांत खोलीत, पडदा ओढून, तिच्या अंथरुणावर. पहिले दोन दिवस कुंईकुंई केली, मी शेजारी जमिनीवर पाठ करून बसून राहिले. तिसऱ्या दिवशी स्वतःच जाऊन पडली. आठवड्याभरात संध्याकाळचा धिंगाणा निम्म्यावर आला.

बाकीचं म्हणाल तर, दात लागला की हात हिसकू नका. हलतं ते पकडायला तो धावणारच. हात सैल सोडा आणि दुसऱ्या हाताने दोरीचं खेळणं पुढे करा. तरी हातच धरला तर न बोलता उठून दाराआड जा. २०-३० सेकंदांत परत या, जास्त वेळ लावलात तर कशामुळे गेलात हे त्याला कळत नाही. "आई गं" असं ओरडल्यावर काही पिल्लं थांबतात, आमची उलट चेकाळायची. आणि मधे काही दिवस चावणं एकदम वाढलं तर घाबरू नका. रोजची युक्ती लागू पडेना की पिल्लू आधी जोर लावून बघतं. नेमकं तेव्हाच घरातलं कोणीतरी हात खेळायला देतं, ते मात्र होऊ देऊ नका.

तोंड धरणं सोडलंत ते फार बरं केलंत. तो मान मागे घेतो ती भीती आहे. दिवसातून चार-पाच वेळा हात नुसता पुढे करा, हुंगू द्या, हनुवटीखाली खाजवा आणि मागे घ्या. लेकीला सांगा, तो अंगावर आला की पळायचं नाही, झाड व्हायचं: हात पोटाशी, पाय घट्ट, नजर खाली. मोठं माणूस जवळ नसताना दोघांना एकत्र सोडू नका.

प्रतिसाद ३

चावण्याच्या सवयीआधी ते टोचे बघा. कातडी फाटली असेल, अगदी ओरखडा असला तरी, साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि आजच डॉक्टरांकडे जा. रेबीजची लस पिल्लाला साधारण तीन महिन्यांची झाल्यावर देतात, मोतीची अजून झालेली नसणार. उद्यावर टाकू नका.

प्रश्नकर्ती, १२ दिवसांनी

त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन आलो, लेकीची इंजेक्शनं सुरू आहेत. मोतीच्या झोपेची वही केली, १२ तास निघाले! आता दुपारी दोनदा आतल्या खोलीत झोपवते. परवा सातला पायजम्याकडे धावत आला, मधेच थांबला आणि दोरी तोंडात धरून लेकीसमोर जाऊन बसला. ती सोफ्यावरून उतरली.

एक विचारायचं राहिलं. दोरी ओढताना तो गुरगुरतो, ते चालेल का?

प्रतिसाद २

अंग सैल असेल, मागचा भाग हलत असेल तर खुशाल खेळा. मधेच थांबून "सोड" म्हणा, सोडली की लगेच परत द्या. पण अंग ताठ, डोळे वटारलेले आणि वस्तूवर मान दाबून गुरगुरत असेल तर हिसकावून घेऊ नका, तो खेळ नव्हे. तसं दिसलं तर प्राण्यांच्या डॉक्टरांना दाखवा.