मदत हवी आहे : फॉस्टर घरातील कुत्री दत्तक घ्यायची आहे, पण होकार मिळत नाही

सुरंगी
नमस्कार. चिपळूणमधील एका फॉस्टर घरी, म्हणजे कायमचे घर मिळेपर्यंत तात्पुरते सांभाळणाऱ्या बाईंकडे, असलेली कुत्री आम्हाला दत्तक घ्यायची आहे. अर्ज भरून दिला, घराची छायाचित्रे पाठवली, फोनवर सविस्तर बोलणेही झाले. तरीही त्या बाई होकार देत नाहीत आणि दर वेळी नवा प्रश्न काढतात. आमचे घर देवगड तालुक्यात असून आवार मोठे आहे. माकडांचा उपद्रव असल्यामुळे कुत्र्याची गरज आहे, हेही अर्जात स्पष्ट लिहिले आहे. पावसाळ्यात मला रजा मिळणार नाही, म्हणून त्याआधीच तिला घरी आणायचे आहे. त्यांना नेमके काय लिहून दिले म्हणजे त्या तयार होतील? कृपया लवकर सांगावे.

खाडीकाठ
कुत्रीचे वय किती, नसबंदी झाली आहे का, लसीकरणाची पुस्तिका पाहिली का आणि ते ‘नवे प्रश्न’ कोणते, यांपैकी काहीच तुम्ही लिहिलेले नाही. मी स्वतः अनेक कुत्री फॉस्टर म्हणून सांभाळली आहेत. रस्त्यावरून उचललेल्या जिवाला माणसांवर विश्वास ठेवायला महिने लागतात, आणि दत्तक गेलेले कुत्रे परत आले की ते सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. त्यामुळे त्या बाईंच्या प्रश्नांना अडवणूक समजू नका.

चिरेबंदी
एवढा खटाटोप कशासाठी? राखणीला कुत्रा हवा असेल तर वाडीतलेच एखादे पिल्लू आणावे. ते इथल्या हवेत वाढलेले असते, गुरे, कोंबड्या आणि शेजारी त्याच्या ओळखीचे असतात आणि अर्जही भरावा लागत नाही. आमच्याकडे वडिलांच्या काळापासून अशीच कुत्री आहेत आणि बागेत माकड टिकत नाही.

खाडीकाठ
चिरेबंदी, वाडीतले पिल्लू घरी नेणे हेही चांगलेच काम आहे. पण पिल्लू म्हणजे सोपे काम, हे मला मान्य नाही. पार्व्हो आणि डिस्टेंपर या रोगांनी पिल्ले पटापट दगावतात. सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून लसींचे डोस वेळेवर द्यावे लागतात आणि पिल्लू पुढे कसे निघेल, हे कोणालाच सांगता येत नाही. फॉस्टर घरातील मोठ्या कुत्रीचा स्वभाव मात्र आधीच पारखलेला असतो.

कातळ
गृहनिर्माण संस्थेने हरकत घेतली तर घाबरू नये. संस्थेला पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, अशा मार्गदर्शक सूचना भारतीय पशुकल्याण मंडळाने २०१५ मध्येच दिल्या आहेत.

सुरंगी
कातळ, आभारी आहे, पण आमचे घर वाडीत आहे. इतरांनी विचारलेली माहिती अशी : कुत्री सुमारे दोन वर्षांची आहे, नसबंदी झालेली आहे आणि कानाला तशी खाचही आहे. महामार्गावर वाहनाची धडक बसून तिचा मागचा पाय मोडला होता. आता चालते, पण किंचित लंगडते. रात्री कुठे झोपेल, दिवसा घरी कोण असते, आवाराला गडगा किती उंच आहे आणि मी नसताना डॉक्टरकडे कोण नेईल, असे त्यांचे प्रश्न आहेत. मी नोकरीनिमित्त मुंबईत असते, घरी बहात्तर वर्षांची आई एकटी असते, आणि रात्री कुत्रीला खळ्यात, म्हणजे अंगणात, बांधायचे आम्ही ठरवले आहे. गावात सगळेच तसे बांधतात.

भातखाचर
तुमचा होकार याच शेवटच्या ओळींत अडकला आहे. बांधलेल्या कुत्र्याला बिबट्यापासून पळता येत नाही आणि साखळीमुळे झुंजताही येत नाही. आमच्या वाडीतून बिबट्याने कुत्री नेली आहेत, आणि तीही अंगणातून, दिवा चालू असताना. दिवेलागणीपासून उजाडेपर्यंत तिला बंद दाराच्या आतच ठेवायला हवे. दुसरी गोष्ट माकडांची. वानरांच्या टोळीतला मोठा नर धडधाकट कुत्र्यालाही फाडतो, मग लंगडणाऱ्या कुत्रीला त्यांच्यावर सोडायचे कसे? तुमच्या अर्जातले ते एक वाक्य वाचूनच त्या बाई थबकल्या असतील.

चिरेबंदी
भातखाचर, खळ्यात झोपणारी कुत्री इथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत आणि सगळीच काही बिबट्या नेत नाही. प्रत्येक कुत्र्याला माजघरात घ्यायचे ठरवले तर गावात कुत्रा पाळणारा उरणार नाही.

भातखाचर
सगळी नेत नाही, हे खरे. पण ज्या घरातले नेले, त्या घराला या हिशेबाचा उपयोग नसतो. शिवाय बांधलेल्या कुत्र्याच्या वासाने बिबट्याला अंगणाची सवय लागते, आणि या घरात वयस्क बाई एकट्या राहतात, याचाही विचार करायला हवा.

दीपस्तंभ
आजारांविषयी कोणी बोललेले नाही म्हणून लिहितो. कोकणात पावसाळ्यात लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या रोगाचा) धोका कुत्र्यालाही असतो आणि माणसालाही. उंदरांच्या मुतामुळे दूषित झालेल्या पाण्यातून आणि चिखलातून तो पसरतो. लसीकरणाच्या पुस्तिकेत नुसते ‘डीएचपीपीआय’ (कुत्र्यांच्या एकत्रित लसीचे नाव) लिहिले असेल तर त्यात लेप्टोची लस नसते. पुढे ‘एल’ हे अक्षर असेल तर असते. पहिल्यांदा ही लस देताना काही आठवड्यांच्या अंतराने दोन डोस द्यावे लागतात आणि पुढे दर वर्षी एक, त्यामुळे पावसाच्या तोंडावर धावपळ करण्यापेक्षा फॉस्टर घरीच ते पूर्ण करून घ्यावेत. रेबीजच्या लसीची तारीखही पाहून ठेवावी. गोचिडी रोज बोटांनी चाचपून काढाव्यात, विशेषतः कानांत आणि पायांच्या बोटांमध्ये. ताप आला, खाणे सुटले किंवा नाकातून रक्त आले, तर गोचीडतापासाठी रक्त तपासून घ्यायला उशीर करू नये.

सुरंगी
सर्वांचे मनापासून आभार. आईशी बोलले. माजघरात देवघर असल्यामुळे तिचे मन तिथे तयार होत नाही. परंतु पडवीला जाळी आणि आतून कडी असलेले दार बसवायला ती आनंदाने तयार आहे, आणि पडवी तिच्या झोपण्याच्या खोलीला लागूनच आहे. डॉक्टरकडे नेण्याची जबाबदारी शेजारच्या भावजींनी घेतली आहे. आता प्रश्न आणण्याचा. चिपळूणहून कणकवलीपर्यंत रेल्वेने आणता येईल का?

खाडीकाठ
पडवीची जाळी मजबूत लोखंडी असावी. डासांची जाळी उपयोगाची नाही. रेल्वेत कुत्र्याला आपल्यासोबत ठेवायचे असेल तर पहिल्या वर्गाचा संपूर्ण कूपे आरक्षित करावा लागतो, नाहीतर पार्सल कार्यालयात नोंदणी करून गार्डच्या डब्यातील पेटीत ठेवावे लागते. अपघात झालेल्या कुत्रीला त्या पेटीतील आवाज आणि अंधार सोसणार नाही. ओळखीची गाडी ठरवा, पहाटे निघा, निघण्यापूर्वी काही तास खायला देऊ नका आणि फॉस्टर घरातली तिची गोधडी मागून घ्या.

त्याआधी मात्र आईंना घेऊन चिपळूणला जा आणि कुत्रीचा पट्टा त्यांच्याच हातात द्या, कारण तिच्यासोबत राहायचे आहे त्यांना. कुत्री जोरात ओढत असेल तर या वयात पडण्याची भीती असते, आणि ते तिथेच कळलेले बरे. माकडांचे वाक्य अर्जातून काढण्यापेक्षा ‘तिला राखणीला लावणार नाही’ असे त्या बाईंना समक्ष सांगा आणि ते पाळा. तुमची रजा असेपर्यंत काही आठवडे कुत्री तुमच्याकडे चाचणी म्हणून राहील आणि न जमल्यास त्याच परत घेतील, असा लेखी करार सुचवून पाहा. मी फॉस्टर असताना असा प्रस्ताव कधी नाकारला नाही.

सुरंगी
येत्या रविवारी आईला घेऊन चिपळूणला जाते आहे. जाळीच्या दाराचे माप घ्यायला गवंडी उद्या येतो आहे. करारात आणखी काय असावे, हे कोणी शनिवारपर्यंत लिहिले तर बरे होईल.