कालव्याच्या कामाला माणसं हवीत (आणि एक खजिनदार)

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या मीटिंगच्या मेल्समध्ये हरवायला नको म्हणून हा मेल वेगळा पाठवतेय. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहितीये की मी गेली काही वर्षं इथे इंग्लंडात रेडिंगपासून ब्रिस्टलपर्यंत जाणाऱ्या केनेट अँड एव्हन कालव्यावर एका छोट्या चॅरिटीचं काम करते, आमच्या घरात त्याला "आईचं गटार" असं नाव आहे. चॅरिटीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, या लिस्टवरचे मेल कुठे कुठे फॉरवर्ड होतात ते पार्किंगच्या भांडणात बघितलंय आपण.

तर दोन गोष्टी हव्यात. एक, जूनच्या शेवटच्या दोन शनिवारी काठावरचं तण उपटायला माणसं. दोन, आमच्या खजिनदारांना आता वयामुळे झेपत नाहीये, त्यांना सोडायचंय आणि दोन वर्षं शोधून कोणी मिळत नाहीये. पहिल्यासाठी तुम्ही याल याची मला खात्री आहे, मागच्या वर्षी भरपूर जण आलात, फोटो झकास निघाले, मंडळाच्या पेजवर अजून आहेत. दुसऱ्यासाठी आजवर एकाचाही फोन नाही. आणि खरं सांगू का, आम्ही बंद पडलो तर तणामुळे नाही पडणार, फॉर्म वेळेत न भरल्यामुळे पडू.

शनिवारच्या शाळेची ताई

---

ताई,

तुझ्या कामाबद्दल आदर आहेच पण एक शंका आहे, राग मानू नकोस. आपण इन्कम टॅक्स भरतो, कौन्सिल टॅक्स भरतो, मग कालवा सरकारने सांभाळायला नको का? गोऱ्या लोकांनी दोनशे वर्षांपूर्वी खणलेल्या चराची साफसफाई आपण रविवारची झोप मोडून का करायची? आपल्याच मंडळाला हॉलचं भाडं जड जातंय, मागच्या दिवाळीचा हिशोब मी स्वतः जुळवलाय. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं.

(शनिवार लिहिलायस, माहितीये. मुद्दा तोच.)

माजी खजिनदार काका

---

काका, राग कसला, हा प्रश्न मला दर वर्षी येतो.

सरकारने कालवा २०१२ सालीच हातावेगळा केला. आधी ब्रिटिश वॉटरवेज ही सरकारी संस्था होती, इंग्लंड-वेल्समधलं तिचं सगळं काम त्या वर्षी कॅनल अँड रिव्हर ट्रस्टकडे गेलं आणि ती चॅरिटीच आहे, म्हणजे २००० मैलांचा पसारा एका चॅरिटीच्या गळ्यात. सरकार अनुदान देतं, पण २०२७ पासून ते कमी कमी होत जाणार. मोठी कामं ट्रस्ट बघतो, लॉकचा (लॉक म्हणजे बोट वर-खाली न्यायला दोन दारांमधला पाण्याचा हौद) ओकचा दरवाजा पंचवीसेक वर्षं टिकतो, मग हिवाळ्यात पाणी काढून नवा बसवायचा, आणि प्रत्येक लॉकचं माप वेगळं त्यामुळे दरवाजा शिंप्याकडच्या ब्लाउजसारखा बेतूनच घ्यावा लागतो, रेडिमेड मिळत नाही. ते आपल्याच्याने होणारं नाही. पण रंगरंगोटी, काठ, झाडं, पंपघरं, फेरीच्या बोटी, येणाऱ्या लोकांना माहिती सांगणं, यासाठी कालव्या-कालव्याच्या छोट्या चॅरिट्या आहेत, आम्ही त्यातलेच एक.

आणि सरकारने सांभाळायचं म्हणाल तर सरकारला हा कालवा बुजवायला हरकत नव्हती हो. १८५२ साली ग्रेट वेस्टर्न रेल्वेने तो घेतला, म्हणजे मालाच्या धंद्यातला प्रतिस्पर्धीच घरात आणला, आणि सवतीचं पोर सांभाळावं तसा सांभाळला. पुढे रेल्वेबरोबर तोही सरकारजमा झाला, आणि १९५० नंतर तर लॉक एकामागून एक निकामी व्हायला लागले आणि कायमचा बंद करायचं घाटत होतं. तेव्हा लोकांनी १९५६ साली २२,००० सह्यांचा अर्ज केला आणि तो ब्रिस्टलहून लंडनला नेला तो पाण्यातून! त्यानंतर फावडी घेऊन, चिखलात उभं राहून, पैसे गोळा करत करत १९९० ला राणीने येऊन पुन्हा खुला केला. ३४ वर्षं. फावडेवाल्यांचे फोटो आहेत पुष्कळ, पण त्या ३४ वर्षांत कोणीतरी पावत्या फाडल्या असतील, वह्या लिहिल्या असतील, बँकेत जाऊन उभं राहिलं असेल ना? त्यांचा फोटो मला एकही सापडलेला नाही. मला तसला माणूस हवाय.

ताई

---

ताई, आम्ही चौघं पहिल्या शनिवारी नक्की. मोठीला ड्यूक ऑफ एडिनबरा अवॉर्डचे व्हॉलंटियरिंगचे तास हवेत, सही मिळेल का? पण तिथे एक दिवस येऊन चालत नाही बहुतेक, तीन महिने वगैरे आठवड्याला तासभर लागतो. आणि बायकोचा प्रश्न, कालव्याचं पाणी म्हणजे उंदीर, उंदीर म्हणजे लेप्टो, आमच्या चाळीत दर पावसाळ्यात हा धसका असायचा, इथे पण असतो का?

रेडिंगचा दादा

---

दादा, असतो. इथे त्याला वील्स डिसीज म्हणतात पण जंतू तोच. दुर्मिळ आहे पण आम्ही गंमत करत नाही त्याची. हातापायाला जखम असेल तर वॉटरप्रूफ पट्टी, ग्लोव्ह्ज सक्तीचे, काही खायच्या आधी साबणाने हात, आणि पुढच्या तीनेक आठवड्यांत फ्लूसारखा ताप आला तर डॉक्टरला आपण होऊन सांगायचं की मी कालव्यावर काम केलंय, कारण ते सांगितल्याशिवाय कुणाच्या डोक्यात येत नाही. काठावर वाकून सेल्फी नाही. लेकीला सही मिळेल पण बरोबर, एका शनिवारची नाही मिळणार. दर बुधवारी संध्याकाळी आमची दोन माणसं टोपाथवरून, म्हणजे कालव्याकाठच्या पायवाटेवरून, चालत जाऊन काय मोडलंय, काय पडलंय ते लिहून आणतात, त्यात ती आणि तू असे दोघं आलात तर तिचे तास पण होतील आणि आमच्या माणसांची एक फेरी वाचेल. १८ च्या आतली मुलं एकटी चालत नाहीत, पालक पाहिजेच.

---

अगं ताई, तण म्हणजे नक्की काय उपटता? मागच्या वर्षीच्या फोटोत सगळ्यांच्या हातात मला तेरडा दिसला! गुलाबी फुलं, लालसर दांडा. आमच्याकडे तेरड्याच्या गौरी असतात, इथे तेरडा मिळत नाही म्हणून मी वीस वर्षं कागदाची फुलं लावतेय आणि तुम्ही ढिगाने उपटून फेकता? दोन रोपं माझ्यासाठी ठेव बाई.

काकू

---

काकू 😄 नजर पक्की आहे तुमची. तेरडाच तो, म्हणजे त्याचा थोरला भाऊ, हिमालयन बाल्सम. १८३९ साली बागेत लावायला म्हणून इथे आणला आणि बागेतून पळाला. आपला तेरडा गुडघ्याएवढा, हा माणसाच्या डोक्यावर जातो. शेंगेला बोट लावलं की फट्कन फुटते ती मजा लहानपणी सगळ्यांनी केलीये, याची शेंग फुटली की बी सात मीटरपर्यंत उडतं, पाण्यात पडलं की वाहत पुढच्या गावाला. खरा त्रास हिवाळ्यात कळतो. उन्हाळाभर हा काठावर दुसरं काही उगवू देत नाही आणि थंडीत स्वतः मरून जातो, मूळ तर अगदी वरवरचं, मग काठ उघडा पडतो, माती ढासळते, कालवा गाळाने भरतो आणि बोटींचं बूड टेकायला लागतं. म्हणून बी धरायच्या आत, जूनमध्ये, मुळासकट. उपटायला इतका सोपा आहे की लहान मुलंसुद्धा तासाभरात पंधरा-वीस फूट मोकळं करतात.

घरी न्यायचा मात्र नाही हं, एक काडीसुद्धा नाही, लावायला कायद्याने बंदी आहे.

---

मग राहिलं. मुखवट्याच्याच बसवू. पण उपटायला येते, निदान हात तरी लागेल.

काकू

---

नमस्कार, मी फारसं लिहीत नाही इथे. माझे बाबा सहा महिन्यांसाठी आलेत, रिटायर व्हायच्या आधी ३० वर्षं पाटबंधारे खात्यात होते, मी त्यांना हे मेल्स वाचून दाखवले आणि ते कालपासून मला झोपू देत नाहीयेत. त्यांचे प्रश्न जसेच्या तसे देतोय:

१. हा कालवा शेतीला नाही, बोटींना आहे, मग पाणी खाली जाऊन संपतं कुठे आणि वर येतं कुठून? आवर्तन कोण सोडतं?
२. लॉक म्हणजे शेतात पाणी देताना दारं धरतात तेच काम ना?
३. मी येऊ का?

न्यूबरीवाला

---

बाबांना नमस्कार सांगा! असे प्रश्न विचारणारं कोणीतरी मिळालं एकदाचं.

पहिल्याचं उत्तर म्हणजे या कालव्याची अख्खी दुखरी नस. दोन टोकांना खरं तर नद्याच आहेत, रेडिंग ते न्यूबरी केनेट नदी १७२३ पासून बोटींसाठी खुली होती आणि बाथ ते ब्रिस्टल एव्हन नदी १७२७ पासून. मधला तुकडा जॉन रेनी या इंजिनियरने १७९४ ते १८१० मध्ये खणून जोडला. पण मध्ये टेकडी. कालवा दोन्हीकडून चढत जातो आणि माथ्याला पाणीच नाही, आणि प्रत्येक बोट माथा ओलांडताना दोन्ही बाजूंना लॉकभर पाणी घेऊन खाली उतरते, एक रुंद लॉक म्हणजे अंदाजे अडीच लाख लिटर. म्हणून क्रॉफ्टनला पंपघर बांधलं, खालच्या तळ्याचं पाणी १२ मीटर वर उचलून माथ्याला द्यायला. तिथलं १८१२ चं बोल्टन अँड वॉट कंपनीचं वाफेचं इंजिन अजून त्याच जागी आहे आणि अजून तेच काम करू शकतं, जगात इतकं जुनं दुसरं नाही. रोज विजेचे पंप चालतात, पण ठरलेल्या वीकेंडला तिथले व्हॉलंटियर बॉयलर पेटवतात आणि मग पाणी खरोखर त्या इंजिनानेच वर जातं, शोभेचं नाही. बाबांना घेऊन जा, माझा हट्ट आहे.

आवर्तन असं नसतं, पाणी सतत ठराविक पातळीला ठेवावं लागतं. कोणी लॉकच्या दारांच्या झडपा उघड्या टाकून गेला तर रात्रीत मैलभर कालवा रिकामा होऊन बोटी चिखलात बसतात. आमच्याकडे झालंय हे एकदा, सकाळी सहाला फोन.

दारं धरणं? अगदी तेच, फक्त इथे दाराला दोन टन वजन असतं आणि ते पाठ लावून ढकलायचं, हाताने नाही. दोन्हीकडचं पाणी समपातळीला आल्याशिवाय हत्ती लावला तरी हलत नाही. डेव्हायझेसला केन हिल आहे, २ मैलांत २९ लॉक, त्यातले १६ एका सरळ रांगेत पायऱ्यांसारखे, पाच-सहा तास लागतात चढायला. तिथे मी एकदा अर्ध्यात बसकण मारली होती.

आणि तिसरं, हो! व्हिजिटर व्हिसावर नोंदणीकृत चॅरिटीसाठी ३० दिवसांपर्यंत व्हॉलंटियरिंग चालतं. फक्त दिवस मोजून लिहून ठेवू. टोपी आणि काठी आणायला सांगा.

ताई

---

ताई,

चॅरिटीचं नाव तू लिहिलं नाहीस पण फोटोतल्या जॅकेटवर आहे. काल रात्री चॅरिटी कमिशनच्या (चॅरिट्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या) साइटवर तुमचे अकाउंट्स बघितले. तुमचं वर्ष ३१ मार्चला संपतं, रिटर्न १० महिन्यांच्या आत म्हणजे ३१ जानेवारीपर्यंत जायला हवा होता, तुम्ही १३ मार्चला भरलाय. ४१ दिवस उशीर. हे सगळ्या जगाला दिसतं. ग्रँट देणारेही तिथेच बघतात.

गवत कापायच्या मशीनचं पेट्रोल "छपाई व टपाल" मध्ये का टाकलंय?

पण मुख्य मुद्दा वेगळा. देणग्या एवढ्या दिसतायत आणि गिफ्ट एड शून्य. देणारा इथे टॅक्स भरत असेल आणि त्याने डिक्लेरेशन दिलं असेल तर दर पौंडामागे २५ पेन्स सरकार देतं, चार वर्षं मागचंसुद्धा मागता येतं. मी इथे सरकारने पैसे द्यावेत म्हणून भांडतोय आणि सरकार द्यायला तयार आहे, तुम्ही मागतच नाही! डिक्लेरेशनचे फॉर्म घेतलेत का कधी?

काका

---

काका, घेतलेत. सगळ्यांकडून. आमच्या खजिनदारांनी ते सगळे जपून ठेवलेत, बुटाच्या तीन खोक्यांमध्ये. पुढे काय करायचं ते ऑनलाइन असल्यामुळे तिथेच राहिलं. पेट्रोलचं माहिती नाही, विचारते.

---

बुधवारी सकाळी दहाला खोकी घेऊन ये. तिन्ही. पासबुक पण. खजिनदार व्हायला मी हो म्हटलेलं नाही, हे लिस्टवर सगळ्यांनी वाचावं.

काका