चावी इग्निशनमध्ये तुटली, अर्धी आतच आहे. कशी काढायची?

मालवण_जेटी
गाडी तारकर्लीला किनाऱ्यालगत उभी आहे. २००८ची पेट्रोल हॅचबॅक, हाताचे गिअर. चावी फिरवताना प्लास्टिकच्या मुठीपासून अर्ध्या सेंटिमीटरवर तुटली. तुकडा तोंडापासून २-३ मिलिमीटर आत दिसतोय. इंजिन बंद आहे, पण डॅशबोर्डचे दिवे लागलेलेच. चुंबक लावून पाहिला, हलत नाही. दुसरी चावी मुंबईला. जवळ बारीक नाकाचा पक्कड, स्क्रू ड्रायव्हर आणि १० नंबरचा पाना आहे. आत खोबरेल सोडू का?

कणकवलीचा_फिटर
खोबरेल नको! आधी बोनेट उघडून बॅटरीची वजा बाजूची तार १० नंबरच्या पान्याने सोडवा. दिवे रात्रभर लागून राहिले तर सकाळी बॅटरीही बसलेली असेल.

आता तुकडा का येत नाही ते. दिवे लागलेत, म्हणजे लॉक 'ऑन'वर आहे. आतल्या पितळी पट्ट्या चावीच्या खाचांत बसल्यात आणि फिरलेल्या सिलिंडरमुळे (चावीबरोबर फिरणारा लॉकचा गाभा) त्यांना वरखाली व्हायला जागाच नाही. या स्थितीत अख्खी चावीसुद्धा बाहेर येत नाही, मग तुकडा कुठून येणार? पकडीने कितीही ओढा, तोंडाची कडा तेवढी चेमटेल. सिलिंडर 'लॉक'वर, म्हणजे चावी बाहेर येते त्या जागी, आणणं हे पहिलं काम.

चपट्या टोकाचा बारीक स्क्रू ड्रायव्हर तोंडातल्या फटीत फक्त २ मिलिमीटर टेकवा आणि उलट फिरवा. तुकड्याला आत ढकलू नका. तो एक मिलिमीटर जरी सरकला तरी खाचा आणि पट्ट्या यांचा मेळ जातो, मग सिलिंडर फिरतच नाही. 'एसीसी'वर (इंजिन बंद, फक्त रेडिओ वगैरे चालतो ती मधली जागा) येऊन अडकलं तर सिलिंडरचा चेहराच किंचित आत दाबून पुढे फिरवा, बऱ्याच गाड्यांत 'लॉक'ला जाताना तसा दाब लागतो. काहींत बाजूला छोटं बटण असतं. फिरताना घट्ट लागलं तर दुसऱ्या हाताने स्टिअरिंग डावीउजवीकडे जरा हलवा.

देवगड_००७
सोपं आहे की. उरलेल्या मुठीला फेविक्विक लावायचं, तुकड्याला चिकटवायचं, मिनिटभर थांबून ओढायचं.

चावीवाला_रत्नागिरी
तसं करू नका हो. तुटलेलं टोक जेमतेम दोन मिलिमीटर जाडीचं, तेवढ्यावर पकड बसतच नाही, आणि पातळ गोंद पाझरून पट्ट्यांवर जातो. मग तुकडा बाजूलाच, अख्खं लॉक बदलायची वेळ येते. चुंबकाचंही तसंच. बहुतेक चाव्या पितळेच्या, वरून निकेलचा मुलामा. चुंबक ओढणार कशाला?

सिलिंडर 'लॉक'वर आल्यावर सुताराकडून नक्षीच्या करवतीचं बारीक पान आणा, एक मिलिमीटर किंवा त्याहून अरुंद. दाते बाहेरच्या बाजूला, म्हणजे तुमच्याकडे वळलेले हवेत. पान उलटं घातलं तर ते तुकड्याला आत नेतं, आणि नेमकी हीच चूक सगळे करतात. पान चावीच्या खाचांच्या बाजूने शेवटपर्यंत सरकवा, किंचित तिरपं करून दाते खाचेत रुतवा आणि सावकाश बाहेर घ्या. दोन्ही बाजूंना खाचा असतील तर दोन पानं समोरासमोर. तोंडाशी स्प्रिंगची झडप असते, ती टाचणीने बाजूला धरा, नाहीतर आलेला तुकडाही तिथेच अडतो. चार-पाच मिलिमीटर बाहेर आला की तुमच्या पकडीचं काम.

घालण्याआधी ग्रॅफाइटची पूड किंवा टेफ्लॉनचा कोरडा फवारा मारा. मिळाला नाही तर डब्ल्यूडी-४० चालेल, एक-दोन सेकंद, बॅटरी सुटलेलीच असू दे. खोबरेल २४ अंशांखाली गोठतं, आणि त्यात पुळणीची वाळू आणि जांभ्याची धूळ मिसळली की त्याचा लेप होतो.

घाटमाथा
आज रात्री घरी पोचायचं असेल तर आणखी एक मार्ग. चिपची चावी असेल (गाडीने चिप ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही) तर मूठ इग्निशनच्या कडेला टेकवून धरा, बॅटरी जोडा आणि तोच स्क्रू ड्रायव्हर वापरून सुरू करा. चिप मुठीत असते, पात्यात नाही.

कणकवलीचा_फिटर
मालवणपर्यंत ठीक आहे. करूळ किंवा आंबोली घाटात असं जाऊ नका. इंजिन मध्येच बंद पडलं तर उतारावर स्क्रू ड्रायव्हर चाचपत बसावं लागेल. ओढून न्यायची तर 'लॉक'वर कधीच नको, स्टिअरिंग जॅम होतं.

मालवण_जेटी
तुकडा आला! तिसऱ्या पानाने. दोन पानं मोडली. आता याच तुकड्यावरून नवीन चावी कापून घेऊ का?

चावीवाला_रत्नागिरी
सरळ नक्कल नको. जुन्या चावीच्या खाचा झिजलेल्या असतात, नकलेत ती झीजही उतरते. गाडी घेताना चाव्यांसोबत पत्र्याचा किंवा प्लास्टिकचा नंबर मिळतो, त्यावरून कापून घ्या. नंबर हरवला असेल तर मुंबईची चावी मागवा, कमी वापरलेली असल्याने तिचं माप बरं असतं. तुटलेली मूठ टाकू नका. आतली चिप, काचेची नळी असो वा काळा ठोकळा, नव्या मुठीत घातली की प्रोग्रॅमिंगचा खर्च वाचतो. आरसी बुक बरोबर घ्या, ती पाहिल्याशिवाय गाडीची चावी करून देऊ नये.

आणि मुठीजवळची पहिली खाच बघा, खाचेपाशी चावी बारीक असते. लॉक खाऱ्या हवेने जड झालं, वर जुडग्यात घराच्या, गोठ्याच्या, पंपाच्या किल्ल्या लटकल्या की चीर तिथूनच पडते. गाडीची चावी वेगळी ठेवा आणि फिरवताना जोर लागायला लागला की वर्षातून दोनदा कोरडा फवारा मारा, पावसाळ्याआधी एकदा आणि गणपतीनंतर एकदा.