सामुदायिक बागेचा आराखडा: आधी पाहुणा की आधी पाट?

मूळ मांडणी (फोंडा)
गोव्यातील आमच्या वाड्यावरील चार कुटुंबे आपली लागून असलेली कुळागरे (सुपारीच्या, म्हणजे पोफळीच्या, बागा) एकत्र करून पाहुण्यांसाठी खुली करण्याच्या विचारात आहेत. पहिल्या आराखड्यात स्वागतकक्ष व जेवणाचा माटव (मांडव) रस्त्यालगत आहे, कामगारांची खोली खताच्या खड्ड्यामागे आहे आणि खालच्या शेजाऱ्यांची वाट कुंपणाने बंद झाली आहे. मला हे मान्य नाही. कुळागर म्हणजे मुळात पाण्याची मांडणी: डोंगरातल्या झऱ्याचे पाणी पाटाने पोफळींना, केळींना आणि मिरवेलींना मिळते व उरलेले खालच्या माणसाकडे जाते. पाट जेथे शेजाऱ्याच्या हद्दीत शिरतो, तेथेच माटव घालावा आणि पाहुणे, कामगार व शेजारी यांची एकच पंगत बसावी.

प्रतिसाद (सावईवेरें)
ताई, भावना समजते, पण निष्कर्ष पटत नाही. नुसत्या सुपारीवर वर्षभराची मजुरी निघत नाही, ही माझी वीस वर्षांची अडचण आहे. पाहुण्याला पाव किलोमीटर चिखलातून चालवले तर तो पुन्हा येणार नाही. शिवाय, सकाळपासून पोफळीवर चढलेल्या माणसाला दुपारी अनोळखी लोकांसमोर बसून जेवायचे असते, असे आपण का गृहीत धरतो? त्याला आडोसा, पंखा आणि अर्धा तास झोप हवी असते.

प्रतिसाद (दिवाडी)
मी दोघांशीही असहमत आहे. आमच्याकडील खाजन शेती, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेली शेती, पाहा. भरतीला मिटणारे आणि ओहोटीला उघडणारे मानशीचे (बांधातल्या पाणझडपेचे) दार, खारे पाणी अडवणारा बांध, त्यामागे पावसाळ्यात कोरगुट या खारटपणा सोसणाऱ्या जातीचे भात: बांधाला भगदाड पडले तर कोणा एकट्याचे शेत वाचत नाही, म्हणूनच गांवकारीने (गावाच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या जुन्या ग्रामसंस्थेने) बांधाच्या देखभालीची जबाबदारी आणि खर्चाचे वाटप नियमांनी बांधून ठेवले होते. शेजारीपण पंगतीने टिकत नाही, हक्काने टिकते. उन्हाळ्यातील पाण्याची पाळी, वाट आणि उत्पन्नातील वाटा हे कागदावर लिहून मगच माटवाची जागा ठरवा.

मूळ मांडणी (फोंडा)
सावईवेरेंच्या काकांचा विश्रांतीचा मुद्दा मी चुकवला होता आणि तो मी मागे घेते: कामगारांची खोली झऱ्याच्या बाजूला, सावलीत, पाहुण्यांच्या वाटेपासून दूर असावी. पाण्याची पाळीही लिहून काढू. मात्र रस्त्यालगतच्या माटवाला माझा विरोध कायम आहे, कारण तेथून पाहुण्याला बाग दिसते, पण ती कोणाच्या पाण्यावर जगते हे दिसत नाही.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही. एका पोफळीवरून झोका घेऊन दुसरीवर जाण्याचे कसब काही बागांत पाहुण्यांना दाखवले जाते. आमच्याकडे ते दाखवावे की नाही, हे आम्ही चार कुटुंबांनी परस्पर ठरवले होते. चढणाऱ्या दोघांना कोणी विचारलेच नाही. दुसरा आराखडा काढण्यापूर्वी, येत्या रविवारी, मी त्यांना विचारणार आहे.

प्रतिसाद (सावईवेरें)
विचारा, आणि ते हो म्हणाले, तर त्याचे वेगळे पैसे किती, हेही त्यांनाच सांगू द्या.