तपासणीला दुपारी तीनला येणार, आणि माझे हात बंद पडलेले असतात सकाळी

मधुमालती
पुढच्या मंगळवारी अपंगत्व भत्त्याच्या तपासणीला घरी येणार आहेत. वेळ दिली आहे दुपारी तीनची, आणि नेमकी तीच माझी दिवसातली सगळ्यात बरी वेळ. अकरा वर्षं झाली, ऱ्हुमॅटॉइड संधिवात आहे. सकाळी उठल्यावर दीड-दोन तास बोटं मिटतच नाहीत. टूथब्रशच्या दांड्याला स्पंजची जाड नळी चढवली आहे, तरी तो दोन्ही तळव्यांत दाबून धरते आणि ब्रश फिरवायच्या ऐवजी मानच फिरवते. अकराच्या पुढे हात सुटायला लागतात. तीन वाजता मला कोणी पाहिलं तर म्हणेल, हिला काय झालंय?

मागच्या खेपेला तपासणीसाठी मीच गेले होते. आदल्या रात्री झोप नव्हती, म्हणून वेदनाशामक गोळी घेऊन गेले. अहवालात आलं, 'पेन व्यवस्थित धरलं. सही केली. पिशवीतून कागद स्वतः काढले.' यातलं एकही वाक्य खोटं नाही. पण नंतरचे दोन दिवस मी अंथरुणात काढले, ते कुठेच नाही. भत्ता नाकारला.

आता घर आवरून ठेवू की नको? आणि माझी खोड अशी की कोणी 'जमतं का' विचारलं की 'हो, जमतं' आधी तोंडातून निघून जातं. याचं काय करू?

उंबरठा
सोपं आहे. त्या दिवशी गोळी घेऊ नका. दुखणं आपोआप दिसेल.

सावलीतलं_झाड
ताई, गोळी अजिबात चुकवू नका. रोज घेता तशी घ्या आणि सांगा की घेतली आहे, केव्हा घेतली, तिचा असर किती तास राहतो.

मी बावीस वर्षं ऑक्युपेशनल थेरपिस्ट होते, म्हणजे आजारी माणसाला रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणारी, टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलेली. म्हणून सांगते. फॉर्म प्रत्येक ठिकाणचा वेगळा, पण मुळाशी बरेचदा तेच जुने प्रश्न असतात. १९६३ मधल्या कॅट्झ निर्देशांकात, म्हणजे रोजची कामं स्वतःची स्वतः किती जमतात ते मोजायच्या यादीत, सहा कामं आहेत: अंघोळ, कपडे, शौचालय, उठणं-बसणं, लघवी-शौचावर ताबा, जेवणं. १९६५ च्या बार्थेल निर्देशांकात अशीच दहा आहेत, एकूण गुण १००. त्यात कपड्यांना १० गुण, आणि बटणं, चेन, नाड्या हे सगळं त्यात धरलेलं. कोणाची मदत लागली आणि निम्मं तुम्ही केलंत तर ५. बार्थेल भरताना नियम असा की माणूस काय *करू शकेल* ते लिहायचं नाही, रोज प्रत्यक्षात काय *करतो* ते लिहायचं. हे मनात पक्कं ठेवा. तुमचा फॉर्म दुसरा असला तरी उत्तर याच पद्धतीने द्या.

बार्थेलमध्ये वेदनेचा रकाना नाही. साधन वापरून एकटीने केलं तर तेही स्वतंत्रच धरतात. त्यामुळे जे विचारलं जाणार नाही ते तुम्हीच बोलायचं. 'जमतं' म्हणालात तर तिथे थांबू नका, पुढचं वाक्य पुरं करा: किती वेळ लागतो, कोण हात लावतं, परत लगेच करता येतं का, आणि केल्यावर काय होतं. 'जमतं, पण कुर्त्याची चार बटणं लावायला वीस मिनिटं जातात आणि मग तासभर हातात कप धरवत नाही.' एवढं बोललात की ऐकणाऱ्याला लिहावंच लागतं.

'कधीच जमत नाही' म्हणू नका, खरं नसेल तर. 'आठवड्यातले पाच दिवस जमत नाही' म्हणा.

घर रोज असतं तसंच राहू द्या. बाथरूममधलं स्टूल, नळाला लावलेली लांब दांडी, बरणीचं झाकण उघडायचं रबर, काही लपवू नका. तपासणारी व्यक्ती दारापासूनच बघत असते: कोणी उघडलं, खुर्चीतून उठताना हात कुठे टेकला. तुम्ही एरवी दार उघडत नसाल तर त्या दिवशीही उघडू नका.

परतीची_वाट
माझ्या बायकोला एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मज्जासंस्थेचा आजार) आहे. आम्ही चौदा दिवस आधीपासून वही ठेवली. 'त्रास झाला' वगैरे नाही, नुसत्या वेळा. ७.१० जाग. ८.४० ब्लाऊजचं पहिलं हुक. चांगला दिवस आला तर तोही लिहिला. वहीची एक प्रत तपासायला आलेल्यांच्या हातात दिली.

मी शेजारी बसलो होतो, पण उत्तरं तिनेच दिली. ती 'जमतं' म्हणून थांबली की मी फक्त म्हणायचो, 'कालचं सांग ना.' ते गेल्यावर लगेच दोघांनी बसून लिहून काढलं: आले किती वाजता, गेले किती वाजता, काय करायला लावलं, काय विचारलंच नाही. अहवालाची प्रतही मागून घ्या. अपिलात आम्हाला तेच उपयोगी पडलं.

मधुमालती
सावलीतलं झाड, तुमचं वाचून रडू आलं. वेदनेचा रकानाच नसतो हे मला इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

वही आज सुरू केली. मेथोट्रेक्सेट, माझं संधिवाताचं औषध, आठवड्यातून एकदा असतं, रविवारी रात्री. सोमवार मळमळ आणि थकव्यात जातो, तेही लिहीन. मंगळवारी बहीण येऊन बसणार आहे. दार तीच उघडेल, एरवीही मी उघडत नाही, शेजारचे त्यांच्याकडच्या किल्लीनेच आत येतात.

पहिलं पान बोलून मोबाइलवर घेतलं, कारण सकाळी पेन धरवत नाही. ६.५० जाग. ७.३५ गरम पाण्यात हात. ८.२० ब्रश. ८.५५ कुर्ता डोक्यातून घातला, बटणं उघडीच.

सावलीतलं_झाड
बोलून का घ्यावं लागलं, तेही पहिल्याच ओळीत येऊ द्या.