‘३० दिवस फक्त रस’ हा मेसेज पुढं ढकलणाऱ्यांना माझं उत्तर

कंबरतलाव_सहा_वाजता

परवा आमच्या चालायच्या ग्रुपवर एका ताईंनी मेसेज टाकला, ‘३० दिवस फक्त ताज्या फळांचा आणि भाज्यांचा रस, जेवण बंद, ८ किलो वजन कमी, शरीरातली सगळी घाण बाहेर, शुगरच्या गोळ्या कायमच्या सुटल्या’. खाली चाळीस जणांनी हात जोडले. मी दोन दिवस गप्प बसले, पण आज तोच मेसेज तिसऱ्या ग्रुपवरून फिरून माझ्याकडं आला म्हणून लिहायला बसलेय. लांबलंय, वाचायचं तर पूर्ण वाचा.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या वडिलांनी हेच केलं. वय ६८, शुगरची ग्लिमेपिराइडची गोळी चालू. सकाळी डाळिंब आणि बिटाचा मोठा ग्लास, दुपारी मोसंबी, रात्री दुधी-पालक. भाकरी बंद, डाळ बंद, दह्याची वाटीसुद्धा बंद. चौथ्या दिवशी सकाळच्या ग्लासानंतर दोन तासांनी शुगरच्या मशीनवर २८६ आलं, तर बाबा म्हणाले घाण बाहेर पडतीय, असंच होतं म्हणे सुरुवातीला. त्या रात्री नुसता दुधीचा रस पिऊन गोळी घेतली आणि झोपले. पहाटे पाचला आईनं हाक मारली. बनियन घामानं चिंब, हात गार, माझ्याकडं बघतायत पण नाव आठवत नाही. मशीनवर ५१. साखरेचं पाणी चमच्या-चमच्यानं पाजलं आणि तसंच रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. ती गोळी स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते, शुगर उतरवते, पोटात काही असो नसो, ती तिचं काम करणारच. हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

आता फळांचं. तलावाजवळच्या गाड्यावर रस काढताना त्या मशीनच्या मागं एकदा उभं राहून बघा. पुढून लाल रस पडतो आणि मागून बादलीत ओला चोथा पडत असतो, ती बादली गाईपुढं जाते. डाळिंबाच्या १०० ग्रॅम दाण्यांत साधारण ४ ग्रॅम तंतू असतात, गाळलेल्या रसात नावालाच. साखर मात्र सगळी ग्लासात. पाव लिटर रसात ३० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे सहा-सात चमचे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ ला सांगितलंय की वरची साखर दिवसाच्या एकूण कॅलरीच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, जमलं तर ५ टक्के, म्हणजे २५ ग्रॅमच्या आसपास. आणि त्या साखरेत फळांचा रस धरलाय, आख्खं फळ धरलेलं नाही. माझं म्हणणं एवढंच की चावायचं फळ पिऊ नका, आणि गोळ्या चालू असलेल्या माणसाला तर हा मेसेज पाठवूच नका.

हलकं_वाटतंय

तो मेसेज मीच टाकला होता. मला फोन करता आला असता, इथं जाहीर मांडायची काय गरज होती? पण मांडलंच आहे तर माझंही ऐका.

आमच्याकडं नऊ माणसांचा स्वयंपाक असतो. सकाळी सहाला गॅस पेटतो तो दुपारी दोनला विझतो. उरलेलं कोण खातं? मी. दिवसात सहा कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, सासऱ्यांना भजी तळली की चार मीच उभ्या-उभ्या तोंडात टाकायची. वजन ८४ होतं, गुडघे जिना चढू देत नव्हते. रस सुरू केला तेव्हा पंधरा वर्षांत पहिल्यांदा घरात फक्त माझ्यासाठी म्हणून काहीतरी बनत होतं, माझा ग्लास, माझी वेळ, त्यात कुणी हात घालत नव्हतं. ७६ वर आले. आठ महिने झाले, ७७ च्या वर गेलेलं नाही. हे पाणी उतरलं म्हणून सांगणार का मला? तुमच्या वडिलांचं वाईट वाटलं, मनापासून. पण एका गोळीमुळं झालं ते सगळ्या रसावर कशाला ढकलता?

कंबरतलाव_सहा_वाजता

ताई, जाहीर मेसेजला जाहीर उत्तर दिलं, तुमचं नाव घेतलेलं नाही. आणि पहिल्या आठवड्याचं तरी सांगते, हो, त्यातलं बरंचसं पाणीच असतं. अंगात साठलेला पिठूळ साठा, ग्लायकोजेन, तो संपतो आणि त्याच्या एका ग्रॅममागं साधारण तीन ग्रॅम पाणी निघून जातं. पुढचे किलो तुमचे खरे आहेत, पण ते चहातली बारा चमचे साखर आणि उभ्या-उभ्या खाल्लेली भजी बंद झाल्यानं गेले. त्याचं श्रेय रसाला देताय. आणि तुम्ही मेसेजमध्ये गोळ्या सुटल्या लिहिलंत, तुम्हाला शुगर आहे का?

हलकं_वाटतंय

मला नाही. ती ओळ मूळ मेसेजमध्येच होती, मी फक्त वजनाचा आकडा माझा घातला.

निवृत्त_गुरुजी

वादात पडत नाही, फक्त विचारतो. माझे खालचे सगळे दात गेले, कवळी लागत नाही, हिरडी सोलवटते. फळ चावा हे म्हणायला सोपं आहे. पेरू माझ्या तोंडात शिरत नाही, सफरचंद किसून खातो तर काळं पडतं. मोसंबीचा रस घेतला नाही तर आठवडाभर माझ्या पोटात फळ जात नाही. मग आम्ही काय करायचं?

कंबरतलाव_सहा_वाजता

गुरुजी, तुमच्यासाठी माझं म्हणणं मागं घेते. पपई, केळं, चिकू मऊ असतात, ते तसेच कुस्करून घ्या. बाकीचं मिक्सरला फिरवा पण गाळू नका, आणि पाणी घालून जरा पातळ. मोसंबी मात्र मिक्सरला बियांसकट फिरवली तर कडू होते, बिया काढूनच टाका.

सांगोला_भगवा

वाचत हुतो गप, पण आता बोलतो. रस पिऊ नका, रस पिऊ नका म्हणताय, आमचा डागी माल कुणी घ्यायचा मग? तुमी बाजारात गेल्यावर लाल चकचकीत फळ हातात घेऊन फिरवून-फिरवून बघता, सालीवर एक काळा ठिपका दिसला की खाली ठेवता. आतला दाणा चांगला असतोय, डाग नुसता सालीवर. त्यो माल जातोय जूसला. जूसवाला हाय म्हणून त्याचं दोन पैसं तरी हुत्यात.

तीन एकर भगवा डाळिंब हाय माझं. मागच्या मृग बहारात, म्हंजे पावसाळी हंगामात, पाऊस लय दिवस पडत ऱ्हायला आन तेल्या रोग आला. झाडाखाली सकाळी गेलं की फळावर तेलकट ठिपकं, दोन दिवसांनी तीच फळं चिरलेली. निम्मा माल डागी निघाला. सौद्यात १८ रुपयं किलोनं गेला, पट्टीत हमाली, तोलाई, गाडीभाडं कापून हातात काय आलं ते सांगत नाय. त्याच संध्याकाळी शहरात एका गाड्यावर डाळिंब जूस ८० रुपयं ग्लास बघितला. दोन फळं घातली त्यानं, धरा अर्धा किलो. माझं नऊ रुपयं झालं त्यात.

पूर्वभाग_अण्णा

शेतकऱ्याचं दुःख मान्य, पण मग तुमच्या फवारण्यांचं पण बोला की. आमच्याकडं लूमवर काम करणारी माणसं उन्हाळ्यात दिवसाला दोन ग्लास जूस घेतात, ४३-४४ डिग्रीत शेडमध्ये उभं राहून दुसरं काय घेणार. त्यात तुमचं औषध, वरून गाड्यावरचा बर्फ, कुठल्या पाण्याचा कुणास ठाऊक, आणि एकाच बादलीत चाळीस ग्लास विसळलेले. माझ्या पोराला मेमध्ये कावीळ झाली, डॉक्टरनी पहिला प्रश्न विचारला, बाहेर जूस प्यायलास का? हो म्हणाला.

सांगोला_भगवा

बर्फ मी घालतो काय? ग्लास मी विसळतो काय? कावीळ पाण्यानं झाली आन पावती माझ्या नावानं फाडताय. फवारणी हौसंनं करतोय असं वाटतंय का तुमाला? बोर्डो मारल्याशिवाय तेल्याला रोखता येत नाय, चुना-मोरचूदाचं पाणी हाय ते, आन तोडणीच्या आधी किती दिवस हात लावायचा नाय ते आमाला पाठ हाय. एक्स्पोर्टचा माल तर तपासल्याशिवाय हलतच नाय. सोलापूरजवळ केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र हाय, २००५ पासून, तुमच्या शहराच्या दारात. एकदा जाऊन या, मग औषधावर बोला.

पूर्वभाग_अण्णा

सगळा माल एक्स्पोर्टचा नसतो मालक. डागी माल तपासायला कोण नेतो? तुम्हीच म्हणालात की डागी माल जूसला जातो.

सांगोला_भगवा

बरं. ते तपासत नाय कुणी. खरं हाय ते. पण नियम आमी सारखाच पाळतोय, डागी निघणार हाय हे फवारताना माहीत नसतंय.

रात्रपाळी_सिस्टर

डाळिंबावर खूप झालं, मला दुधीवर बोलायचंय कारण वर सगळे फळाच्या साखरेवर भांडतायत आणि भाजीचा रस म्हणजे गरीब गाय असं धरून चाललेत. कडू दुधीचा रस जीव घेतो. २०१० साली दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा त्यानंच मृत्यू झाला, त्यानंतर आयसीएमआरनं, म्हणजे सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेनं, समिती नेमून सांगितलं की दुधीचा तुकडा आधी चाखा, कडू लागला तर टाकून द्या, कडू रस पिऊ नका. त्यातल्या कुकरबिटासिनवर, म्हणजे कडूपणा आणणाऱ्या विषारी द्रव्यावर, उतारा नाही. उलट्या, कधी रक्ताच्या, जुलाब, बीपी खाली. मी वॉर्डात एक बाई बघितलीय, त्यांनी कडूपणा लागू नये म्हणून त्यात आवळा आणि पुदिना घातला होता. कडू आहे म्हणजे औषधी आहे असं समजून नाक दाबून प्यायल्या. वाचल्या, पण तीन दिवस सलाईन.

आणि किडनीचा त्रास असेल तर पालक-बिटाचे रोजचे ग्लास अजिबात नाही. ऑक्झॅलेट आणि पोटॅशियम दोन्ही जातं पोटात. भाजी शिजवून वाटीभर खाता तेव्हा एवढा पालक पोटात जात नाही, रस करताना दोन जुड्या एका ग्लासात बसतात.

हलकं_वाटतंय

मी रोज दुधी घेते. चाखत नव्हते. आता चाखीन. पण भीती घालायची म्हणून एवढं लिहू नका, माझ्या सासूबाई पण हा धागा वाचतात आणि आता उद्यापासून माझा मिक्सर बंद करतील.

होटगीरोड_ग्लुकोमीटर

मला बॉर्डरची शुगर आहे, गोळी नाही. वाद वाचून घरीच करून बघितलं. सोमवारी सकाळी उपाशीपोटी एका डाळिंबाचे दाणे, वाटीभर, चावून खायला मला पंधरा मिनिटं लागली. एका तासानं १४६. मंगळवारी दोन डाळिंबांचा रस, गाळून. प्यायला अर्धं मिनिट लागलं नसेल. एका तासानं १८९, आणि अकराच्या आत परत कडकडून भूक. आकडे जसे आले तसे लिहिले.

हलकं_वाटतंय

एक डाळिंब आणि दोन डाळिंबं, ही तुलना कुठली? एकाचाच रस काढायचा होता की.

होटगीरोड_ग्लुकोमीटर

बरोबर आहे तुमचं, चुकलं. पण एकाचा रस काढला तर कपाच्या तळाशी येतो. ग्लास भरायला दोन लागतातच.

कंबरतलाव_सहा_वाजता

मग मी दुसरं काय सांगतेय? दोन डाळिंबं एका बैठकीत सोलून, दाणे चावून कोण खाईल? जबडा दुखेल, पोट भरेल, माणूस वाटी बाजूला ठेवेल. रसात ती वाटी बाजूला ठेवायची वेळच येत नाही. रसात विष आहे असं मी कुठं म्हटलं नाही. माझ्या वडिलांना पहाटे साखरेचं पाणी पाजलं तेव्हा घरात अर्धा ग्लास मोसंबीचा रस असता तर तोच पाजला असता, शुगर उतरली की हेच देतात, १५ ग्रॅम साखर पोटात जाईल एवढं, आणि १५ मिनिटांनी परत मोजायचं. जे रक्तात इतक्या झपाट्यानं जातं म्हणून उतरलेल्या शुगरवर कामाला येतं, ते शुगर असलेल्या माणसाला रोज तीन ग्लास कसं चालेल, एवढं सांगा मला कुणीतरी.

हलकं_वाटतंय

शुगरवाल्याला नाही चालत, मानलं. गोळ्यांची ती ओळ मी काढून टाकते, आणि ज्या चार ग्रुपवर टाकला तिथं तसं लिहिते. पण वजनाचं मी मागं घेणार नाही. दुपारचं जेवण मी परत सुरू केलंय, ज्वारीची भाकरी आणि पातळ भाजी. रस फक्त सकाळी, काकडी-गाजर-आवळा, साखर न घालता. तो ग्लास सोडणार नाही. सांगितलं ना, तो माझा आहे.

कंबरतलाव_सहा_वाजता

सोडू नका. गाजर किसून त्यात घातलंत तर चोथा पण पोटात जाईल, एवढंच सुचवते. नाहीतर चोथा ठेवून द्या, ज्वारीच्या पिठात कालवून थालीपीठ होतं, मी बिटाचं करते, तीळ लावून.

निवृत्त_गुरुजी

थालीपीठ मऊ होतं का?

कंबरतलाव_सहा_वाजता

दही घालून मळलं की होतं गुरुजी. जाड थापा, झाकण ठेवून भाजा.

आणि सांगोल्याचे दादा, डागी माल आम्ही खायला घेऊ. चालायला येणारी वीस-पंचवीस घरं आहेत, किलोला ४० नं घेतलं तरी आम्हाला दुकानापेक्षा स्वस्त पडतं. दाणे आम्ही सोलू.

पूर्वभाग_अण्णा

माझे पण पाच किलो धरा. धुऊन घेईन.

सांगोला_भगवा

धुवाच. शनवारी पहाटं निघतो, सहापर्यंत तलावाजवळ दोन क्रेट घेऊन उभा ऱ्हातो. पिशव्या आणा. डागी हाय, सालीकडं बघून घासाघीस करायची नाय, आधीच सांगतो.