अल्पभूधारक शेतकरी माती जपणाऱ्या पद्धती कशासाठी स्वीकारतात?

प्रश्न
२०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार देशातील सुमारे ८६ टक्के जमीनधारणा दोन हेक्टरांच्या आतील आहेत. इतक्या तुटपुंज्या जमिनीवर शेतकरी नवी पद्धत स्वीकारतो, तेव्हा त्याला पर्यावरणाची काळजी प्रवृत्त करते की अनुदान?

प्रतिसाद १
माझ्या मते या दोन्हींपेक्षा मजुरीचा हिशेब मोठा असतो. कोकणातील नेरळ येथे शेतकरी चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेले भातशेतीचे सगुणा राइस तंत्र पाहावे: कायमस्वरूपी गादीवाफ्यांवर (मातीच्या उंच पट्ट्यांवर) बी टोकायचे, चिखलणी आणि लावणी दोन्ही टाळायच्या आणि कापणीनंतर मुळे जमिनीतच कुजू द्यायची. त्यामुळे सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या अवशेषांतून मातीत येणारा आणि तिचा कस राखणारा कर्ब, हळूहळू वाढतो. परंतु ऐन पावसात लावणीला माणसे मिळत नाहीत ही अडचण पहिल्याच हंगामात सुटते आणि कोकणातल्या भातशेतकऱ्याला तेच आधी पटते. या पद्धतीत तणनाशकावर भर राहतो, ही बाब मात्र झाकू नये.

प्रतिसाद २
मजुरीइतकाच हक्काचा प्रश्नही निर्णायक आहे. पश्चिम आफ्रिकेतील नायजर देशाच्या मराडी भागात १९८० च्या दशकापासून शेतकऱ्यांनी जुन्या खोडांचे फुटवे राखून शेतात झाडे परत आणली. झाडे सरकारी मानली जात होती तोवर ती राखण्यात त्यांना रस नव्हता, लाकूड आपल्याला मिळेल असा विश्वास आल्यावर हे काम लाखो हेक्टरांवर पसरले. आपल्याकडे कूळ लागेल, म्हणजे कसणाऱ्याचा जमिनीवर कायदेशीर हक्क तयार होईल, या भीतीने अनेक मालक लेखी करार टाळतात. मग तोंडी बोलीवर खंडाने जमीन कसणारा माणूस कायमचे गादीवाफे कोणत्या भरवशावर घालणार?